रक्ताची अक्षरे आणि एक तळटीप

तुमच्या शाळेतल्या मुलांच्या ओळखपत्रावर नाव आणि इयत्ता यांच्या खाली बहुधा आणखी एक अक्षर असते. ए, बी, ओ किंवा एबी. गावात रक्तदान शिबीर झाले की संध्याकाळी पारावर त्याचीच चर्चा. "माझं बी निघालं, तुमचं काय हो?" ही अक्षरे कोणी दिली, असे मी एकदा पदवीच्या वर्गात विचारले. एकालाही सांगता आले नाही. मुलांना तरी दोष कशाला द्या? मी इतिहासाचा माणूस. मलाही ते नाव तिशी उलटल्यावर कळले.

नाव आहे डॉ. कार्ल लांडस्टायनर. जन्म व्हिएन्नाचा, १८६८ सालचा. पदवी वैद्यकाची, पण ओढ रसायनशास्त्राची. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांचे रोजचे काम होते शवविच्छेदनाचे. दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवे तपासली. संशोधन करावयाचे ते हे सारे सांभाळून.

१९०० साली त्यांनी एक लेख लिहिला. विषय निराळाच होता; पण खाली एका तळटीपेत त्यांनी नोंदवून ठेवले, की एका निरोगी माणसाचे रक्तजल दुसऱ्या निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते. रक्तजल म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारे पिवळसर पाणी. आजाऱ्यांच्या रक्तात असे घडते हे इतरांनीही पाहिले होते. ते म्हणत, हा रोगाचा परिणाम. लांडस्टायनर यांना ते पटेना. त्यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सोबत्यांचे रक्त काढले. प्रत्येकाचे रक्तजल प्रत्येकाच्या पेशींत मिसळून पाहिले. कुठे दूध नासल्यासारखे गोळे झाले, कुठे काहीच झाले नाही. अवघ्या बावीस माणसांच्या रक्तावरून त्यांनी १९०१ साली तीन गट मांडले : ए, बी आणि सी. या 'सी'लाच पुढे 'ओ' म्हणू लागले. चौथा, म्हणजे एबी, त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी शोधला. माणसाचे रक्त माणसाला देताना कधी रोगी वाचतो आणि कधी दगावतो, त्याचे कारण यात सापडेल, असेही लेखाच्या शेवटी एका वाक्यात सांगितले होते.

एका वाक्यात! माझ्या मते सारा घोटाळा इथेच झाला. एवढी मोठी गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगितली, की शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या कानी ती गेलीच नाही. कित्येक वर्षे त्या लेखाचा दाखला फारसा कोणी दिला नाही.

दाखला दिला नाही म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पुढे काय झाले ते पाहा. १९०७ साली प्रागमध्ये यान्स्की नावाच्या डॉक्टरांनी हेच चार गट मांडले आणि त्यांना एक ते चार असे क्रमांक दिले. लेख झेक भाषेत. तो वाचणार कोण? १९१० साली अमेरिकेत मॉस यांनी आणखी एकदा चार गट मांडले आणि आपले क्रमांक दिले. यान्स्कींचा लेख त्यांच्या दृष्टीस पडला तो स्वतःचे काम पुरे झाल्यावर. आता गंमत म्हणा की दैवदुर्विलास, यान्स्कींचा पहिला गट तो मॉस यांचा चौथा, आणि मॉस यांचा पहिला तो यान्स्कींचा चौथा! म्हणजे चिठ्ठीवर 'गट चार' लिहिले असेल, तर एका पद्धतीने ते ओ रक्त आणि दुसऱ्या पद्धतीने एबी. ओ गटाच्या रोग्याला चुकून एबी रक्त चढवले, तर त्याच्या प्राणाशीच गाठ. एकाच देशात एका इस्पितळात एक पद्धत, दुसऱ्यात दुसरी. हा गोंधळ निस्तरायला १९२७-२८ साल उजाडले. तेव्हा क्रमांक मागे पडले आणि ओ, ए, बी, एबी ही अक्षरे सर्वमान्य होऊ लागली.

दरम्यान लांडस्टायनर यांचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. पोलिओचा रोग माकडांत उतरवून तो विषाणूने होतो हे त्यांनी पॉपर या सहकाऱ्याबरोबर दाखवले. पण पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्न आणि सरपण मिळणे कठीण झाले. १९१९ साली ते हेग येथे एका लहानशा इस्पितळात गेले आणि लघवी-रक्त तपासण्याचे रोजचे काम करू लागले. तिथेही संशोधन सुटले नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तळटीपेनंतर तीस वर्षांनी. १९४० साली, बहात्तराव्या वर्षी, वीनर यांच्यासह त्यांनी आर-एच हा घटक जाहीर केला. तुमच्या अक्षरापुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहितात, ते यावरूनच. १९४३ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास लेख होते.

आजकाल कोणाच्या लेखाचा दाखला किती जणांनी दिला, हे मोजून शास्त्रज्ञाची किंमत ठरवतात. आमच्या महाविद्यालयांतही हे लोण आले आहे. पण रक्तगटावर लिहिणारा आजचा संशोधक १९०१ च्या लेखाचा उल्लेख करतोच असे नाही. ती गोष्ट सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की दाखला द्यावा असे वाटतच नाही. प्रत्येक रक्ताच्या पिशवीवर त्यांचे अक्षर असते. मोजणीत ते धरीत नाहीत.

आपल्याकडची एक हकीकत याच्या अगदी उलट आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना तीन माणसांत चमत्कारिक रक्त आढळले. पेशी पाहाव्यात तर ओ गटासारख्या, पण रक्तजल ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी! अशा रोग्याला ओ रक्तही चालत नाही. त्याच्याच जातीचे हवे. त्यांनी नमुने लंडनला पाठवले, तिथल्या तज्ज्ञांना बरोबर घेतले आणि लॅन्सेट या पत्रात छोटासा लेख छापला. तो तळटीपेत दडून राहिला नाही. थोड्याच वर्षांत अमेरिकेतही तसे रक्त सापडले, आणि त्या गटाला 'बॉम्बे' हेच नाव पडले. शहराचे नाव १९९५ साली बदलले. पण रक्तपेढ्यांच्या चिठ्ठ्यांवर त्या गटापुढे अजून 'बॉम्बे' असेच लिहितात.