तीन कोटी वर्षांची पेरणी

श्रावणातली सकाळ. मावळातल्या शिरगावच्या शिवारात, भातखाचराच्या बांधावर तुम्ही उभे आहात. वारुळाभोवती रात्रीतून अळंबी उगवली आहे: टोकदार मातकट माथे, पांढरे देठ. एक देठ हळूच उकरत जा. वीतभर खाली गेलात तरी तो संपत नाही, कारण तो थेट वाळवीच्या घरातून वर आला आहे. त्याच्यामागोमाग खाली उतरा, आणि काळातही मागे चला.

मृगाचा पहिला पाऊस. जमिनीतून पंखवाल्या वाळवीचे थवे उठतात. तुमच्या पायाशी एक जोडी पंख गाळते आणि ओल्या मातीत स्वतःला कोंडून घेते. हे नव्या वसाहतीचे राजा-राणी. जिची अळंबी उगवते त्या बुरशीचा कणही त्यांनी माहेरून आणलेला नाही. पहिली पिल्ले ते अंगातल्या साठ्यावर वाढवतात. मग ती कामकरी पिल्ले पालापाचोळा आणायला बाहेर पडतात, आणि त्याच सुमारास जुन्या वारुळांवर अळंबी उमलून तिचे बीजाणू पाचोळ्यावर पडतात. चावलेल्या पाचोळ्याबरोबर ते वाळवीच्या पोटातून जातात आणि तिच्या विष्ठेच्या जाळीदार पोळ्यावर रुजतात. बुरशी लाकडातले चिवट लिग्निन फोडते. वाळवी ते मऊ झालेले पोळे खाते. बीजाणू सापडलेच नाहीत, तर वसाहत तग धरत नाही.

आणखी मागे. जानेवारी १७७९. वडगाव मावळात महादजी शिंद्यांच्या फौजेने इंग्रजांना कोंडले आहे; १६ तारखेला तह होईल. वर घोडी धावतात, आणि इथे तुमच्या तळव्यांखाली पोळ्यांवर पांढऱ्या गाठी धरतात. कामकरी त्या खातात आणि त्यांतले बीजाणू नव्या पोळ्यात पेरतात. त्यामुळे एका वारुळात शेवटी बुरशीचे एकच वाण उरते. याच वर्षी तंजावरच्या वाळवीचा अभ्यास केलेल्या योहान कोनिग यांचा लेख युरोपात छापला जातो. वाळवी आणि बुरशीच्या या सोबतीची ही पहिली शास्त्रीय नोंद.

आता लांबची उडी: ३ कोटी वर्षे. मावळचा काळा कातळ तेव्हाही जुनाच आहे. त्याचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. दूर आफ्रिकेच्या वर्षावनात वाळवी बुरशी पिकवायला लागली आहे. तिची सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीची पोळी टांझानियात दगड होऊन सापडली आहेत. तिथून ही शेती आशियात पसरली, आणि माणसाने पहिले बी पेरले ते त्यानंतर कितीतरी काळाने.

परत श्रावणात या. नागपंचमीला आपल्याकडे वारूळ पुजतात आणि त्या दिवशी जमीन खणत नाहीत. हा मान वर्षभर टिकायला हवा. वाळवी आणि बुरशी आपापली पिल्ले वेगवेगळ्या वाटांनी जगात पाठवतात. त्यांची गाठ दर पावसाळ्यात नव्याने पडावी लागते. सगळी अळंबी कळीतच खुडली, तर बीजाणू पडतच नाहीत. वारूळ जेसीबीने सपाट केले, तर बी देणारे घरच जाते. म्हणून खुडताना चार छत्र्या पूर्ण उघडू द्या, जागेवरच सुकू द्या, आणि प्लॉट पाडताना बांधावरचे वारूळ राखा.