पसंतीचा वकील

रात्री दोनच्या सुमाराला नाकाबंदीत गाडी अडवली जाते. हवालदार तोंडापुढे यंत्र धरतात, त्यावर आकडा उमटतो आणि गाडी चालवणारा सद्‌गृहस्थ थेट पोलीस ठाण्याच्या बाकावर येऊन बसतो. पहिला फोन घरी जातो. दुसऱ्या फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणी वकील आहे का हो ओळखीचा?" फौजदारी कोर्टात उमेदवारी करत होतो तेव्हा हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला, की वकील निवडण्याचा हा हक्क आपल्याकडे आला कुठून, हे शोधून काढावेसे वाटले.

इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 340 होते. कोर्टापुढे उभ्या असलेल्या आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क त्याने दिला. मात्र तो कोर्टात! पोलीस ठाण्यातल्या त्या बाकावर काय, याबद्दल कलम गप्प होते. ती उणीव भरून निघाली ती संविधान सभेत, आणि तीही अगदी शेवटच्या टप्प्यात. कोणाचेही स्वातंत्र्य 'कायद्याने प्रस्थापित केलेल्या पद्धती'ने काढून घेता येईल, असे शब्द आधीच मंजूर झाले होते. त्यावर बरीच टीका झाली. मग 15 सप्टेंबर 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 15-अ हा नवा अनुच्छेद मांडला आणि आधीच्या तरतुदीची ही भरपाई आहे, असे मोकळेपणाने सांगितले. अटकेचे कारण सांगणे, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे, या गोष्टी त्यात आल्या. नुसता सल्ला पुरेसा नाही, बचावही त्याच वकिलाकडून करून घेता आला पाहिजे, हा मुद्दा चर्चेत निघाला आणि तसे शब्द घातले गेले. आज तो अनुच्छेद 22 आहे.

'पसंतीचा' हा शब्द ऐकायला गोड. पण फी कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये जनार्दन रेड्डी प्रकरणात सांगितले, की वकील नेमण्याची संधी मिळाली म्हणजे झाले, तो पुरवण्याची जबाबदारी सरकारवर येत नाही. हे चित्र बदलायला 1978 साल उजाडावे लागले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या होस्कोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तुरुंगातल्या गरीब कैद्याला सरकारने वकील पुरवला पाहिजे, असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आले आणि ही वाट रुंद झाली. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा अमलात आला तो 9 नोव्हेंबर 1995 ला.

आता दारूकडे वळू. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आकडा नव्हता. वाहनावर ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल, अशी मोघम व्याख्या होती. मुंबई इलाख्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि पिणे हाच गुन्हा ठरला. वकिलांना रान मोकळे झाले. अशिलाने घेतले ते औषधी टिंक्चर होते, हा बचाव त्या काळात फार चालला. अखेर 1959 च्या दुरुस्तीने रक्तात 0.05 टक्के मद्य सापडले, तर ते औषधच होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. तरीही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका मोटारचालकाच्या खटल्यात सांगितले, की तोंडाला येणारा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून कोणी दारू प्यायला होता असे म्हणता येत नाही; रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी.

तेव्हापासून असे खटले कागदावर लढले जातात. 1988 च्या कायद्यात आज मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्याची. अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर आरोपीला सोडावे लागते. या प्रकरणातला चांगला वकील म्हणजे आवाज चढवणारा नव्हे. अटकेची वेळ, तपासणीची वेळ आणि नमुन्यावरचे सील हे तीन कागद तो आधी मागतो. आमच्या एका ज्येष्ठ वकिलांच्या टेबलावर तर केवळ वेळा मांडायला शाळकरी मुलाची पाटी असे!

गंमत अशी, की बहुतेक आरोपी वकीलच करत नाहीत. गुन्हा जामीनपात्र असल्याने सकाळी घरी जातात, तारखेला गुन्हा कबूल करतात आणि दंड भरतात. 2019 पर्यंत पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड होता, तेव्हा हा हिशेब जमत असे. आता तो दहा हजार झाला आहे. शिवाय सहा महिन्यांपर्यंतची कैद पूर्वीही होती आणि आजही आहे. शोधणाऱ्यालाही मार्ग सोपा नाही. वकिलाला जाहिरात करता येत नाही, निकालावर फी ठरवता येत नाही. त्यामुळे ओळखीच्या माणसाचा तो फोन अजून टळलेला नाही.

ऐपत असलेल्याची निवडही भलतीकडे जाऊ शकते. 1999 मध्ये दिल्लीत एका भरधाव आलिशान गाडीने सहा जणांचा जीव घेतला. त्या खटल्यात साक्षीदाराला फितवण्याचा प्रयत्न 2007 मध्ये छुप्या कॅमेऱ्याने टिपला. बचाव पक्षाच्या नामवंत वकिलांना उच्च न्यायालयाने 2008 मध्ये अवमानाबद्दल दोषी धरले आणि चार महिने कोर्टात उभे राहण्यास मनाई केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. चौकशीच्या वेळी पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क तिच्या कलम 38 मध्ये आहे. चौकशीभर त्याला शेजारी बसवून ठेवता येत नाही. वकिलामार्फत बचाव करण्याचे जुने कलम फिरत फिरत पुन्हा आले आहे 340 याच क्रमांकावर.