अमर काळे
अमर शरदराव काळे हे महाराष्ट्रातील राजकारणी असून वर्धा लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करतात. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) या पक्षाचे उमेदवार म्हणून १८ व्या लोकसभेवर निवडून आले. त्यापूर्वी ते भारतीय राष्ट्रीय काँग्रेसमध्ये होते.

पार्श्वभूमी

काळे हे वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. त्यांचे वडील डॉ. शरद काळे यांनी विधानसभेत आर्वीचे प्रतिनिधित्व केले होते. अमर काळे २००४ आणि २०१४ मध्ये काँग्रेसतर्फे आर्वीतून आमदार झाले. २००९ आणि २०१९ मध्ये मात्र भारतीय जनता पक्षाचे दादाराव केचे यांनी त्यांचा पराभव केला.

मतदारसंघ

वर्धा लोकसभा मतदारसंघात वर्धा जिल्ह्यातील आर्वी, देवळी, हिंगणघाट व वर्धा आणि अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे व मोर्शी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके असून आर्वी-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत. महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळे सेवाग्राम देशभर ओळखले जाते.

श्रीमन्नारायण अग्रवाल, कमलनयन बजाज, वसंत साठे व प्रभा राव यांनी काँग्रेसतर्फे येथून लोकसभेत प्रतिनिधित्व केले. तथापि हा मतदारसंघ एकाच पक्षाशी बांधलेला राहिला नाही. १९९१ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांनी साठे यांचा पराभव केला, तर १९९६ मध्ये भाजपचे विजय मुडे निवडून आले. २०१४ व २०१९ मध्ये भाजपचे रामदास तडस विजयी झाले.

२०२४ ची उमेदवारी

महाविकास आघाडीच्या जागावाटपात वर्ध्याची जागा शरद पवार यांच्या पक्षाला मिळाली. काळे यांनी काँग्रेसमधून या पक्षात प्रवेश केला आणि ३० मार्च २०२४ रोजी जाहीर झालेल्या पक्षाच्या पहिल्या यादीत त्यांचे नाव आले. त्यामुळे वर्ध्याच्या लोकसभा निवडणुकीत प्रथमच काँग्रेसचे ‘पंजा’ हे चिन्ह मतदारांसमोर नव्हते. पक्षफुटीनंतर निवडणूक आयोगाने ‘घड्याळ’ अजित पवार यांच्या पक्षाला दिल्याने काळे यांना ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह अल्पकाळात गावोगावी पोहोचवावे लागले.

त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी तडस हे देवळीचे माजी कुस्तीपटू असून सलग तिसऱ्यांदा निवडणूक लढवीत होते. सहापैकी आर्वी, हिंगणघाट, वर्धा व धामणगाव रेल्वे या चार ठिकाणी तेव्हा भाजपचे आमदार होते. १९ एप्रिल रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची वर्धा जिल्ह्यातील तळेगाव येथे प्रचारसभा झाली. कापूस व सोयाबीनचे घसरलेले भाव हा प्रचारातील महत्त्वाचा विषय होता.

निकाल

दुसऱ्या टप्प्यात २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले आणि ४ जून रोजी मतमोजणी झाली. काळे यांना ५,३३,१०६, तर तडस यांना ४,५१,४५८ मते मिळाली. काळे ८१,६४८ मतांनी विजयी झाले. २०१९ मध्ये तडस यांनी काँग्रेसच्या चारुलता टोकस यांच्यावर १,८७,१९१ मतांची आघाडी घेतली होती, हे लक्षात घेता मतदारांच्या कौलातील बदल मोठा होता. काळे यांच्या पक्षाने राज्यात लढविलेल्या दहापैकी आठ जागा जिंकल्या.

त्यानंतरची विधानसभा निवडणूक

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत चित्र पुन्हा पालटले. आर्वीतून काळे यांच्या पत्नी मयुरा काळे याच पक्षाच्या उमेदवार होत्या. तेथे भाजपचे सुमित वानखेडे निवडून आले. लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा भाजपने जिंकल्या. अवघ्या सात महिन्यांच्या आत त्याच मतदारांनी लोकसभेसाठी व विधानसभेसाठी वेगवेगळा कौल दिल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.