ज्यांना सांगता येत नाही, त्यांचं दुखणं

भुलेचा इतिहास साधारणपणे एका ओळीत उरकला जातो: १६ ऑक्टोबर १८४६, बॉस्टन, मॉर्टन, ईथर. त्याआधी पेशंटला धरून ठेवायला माणसं लागायची, त्यानंतर तो शांत झोपू लागला. संपली गोष्ट! पण या वीकेंडला थोडं वाचत बसलो तेव्हा कळलं, की या गोष्टीतून काही पेशंट चक्क वगळले गेले होते. नवजात बाळं. आणि तीही थेट १९८०च्या दशकापर्यंत!

म्हणजे व्हायचं काय, की अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी बंद करायची असेल, तर बऱ्याच ठिकाणी त्याला नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे देत. पहिल्याची भूल अगदी हलकी. दुसऱ्याने स्नायू लुळे पडतात, वेदना मात्र कमी होत नाही. बाळ हलत नाही, रडत नाही. बघणाऱ्याला वाटणार, सगळं ठीक आहे.

डॉक्टर काही निर्दय नव्हते. समज असा होता की बाळाच्या मज्जातंतूंची वाढ पुरी झालेली नसते, त्यामुळे त्याला वेदना कळत नाही. शिवाय भुलेच्या औषधाने इवल्याशा जिवाचा श्वास थांबेल ही भीती होतीच, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

इंदूरला एम.बी.बी.एस. करून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी हे तपासून पाहिलं. १६ बाळं घेतली. सर्वांना नेहमीचीच औषधं, पण ८ जणांना जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्या रक्तात अॅड्रेनालीनसारखी ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त वाढली, आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. हा निबंध जानेवारी १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं, की नवजात बाळांनाही भूल द्यायला हवी, आणि ती सुरक्षितपणे देता येते.

एरर मेसेज आला नाही म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालला, असं आम्ही प्रोग्रॅमर मंडळी धरत नाही (निदान धरू नये!). लॉग उघडून बघावा लागतो. आनंद यांनी तेच केलं. फक्त लॉग रक्तात होता.

तेव्हा मंडळी, घरातल्या तान्ह्याचं ऑपरेशन ठरलं, तर वेदनेसाठी आधी काय देणार आणि नंतर काय देणार, हे डॉक्टरांना खुशाल विचारा. बाळ काही विचारणार नाहीये.