लॅपटॉपची रॅम वाढवणे

लॅपटॉपमधील मूळ रॅमच्या जागी किंवा जोडीला जास्त क्षमतेची रॅम बसवणे. बसवण्याचे काम थोड्या वेळाचे असते. पैसे वाया जातात ते बहुधा मॉडेल न तपासता केलेल्या खरेदीत.

रोजचे काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसली, तर रॅम कमी पडते आहे. निम्मी मेमरी मोकळी असूनही मशीन रेंगाळत असेल, तर आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकावी.

लॅपटॉपच्या सुट्या रॅमपट्टीला सोडिम म्हणतात. डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ पिना असतात. प्रत्येकीची खाचही वेगळ्या जागी असल्याने एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. खरी फसगत डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत होते. दोन्ही दिसायला सारख्या, पिनाही तेवढ्याच. पण पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टवर चालणारी. पट्टी बिनतक्रार बसते आणि कमी व्होल्टच मागणारा लॅपटॉप सुरूच होत नाही. म्हणून जुन्या पट्टीवरचे लेबल वाचावे. पीसी३एल मधला ‘एल’ सोडू नये. वेगाची एवढी चिंता नको, कारण वेगवान पट्टी सहसा मशीनला झेपेल त्या वेगाने चालते. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या लावल्यास ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरण्याची सोय) मिळते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा चांगला फायदा होतो, कारण तिथे ग्राफिक्सही हीच रॅम वापरते.

स्लॉट आहे का, हा निर्णायक प्रश्न. लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० मध्ये दोन स्लॉट आहेत. त्याच्याच सडपातळ भावंडात, टी४८०एस मध्ये, काही रॅम बोर्डावर पक्की आणि स्लॉट एकच. अ‍ॅपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केली. सडपातळपणासाठी ग्राहकाने मोजलेली ही फार मोठी किंमत आहे.

टी४८० उघडताना आधी बायोसमधून आतली बॅटरी बंद करावी, मग चार्जर आणि मागची बॅटरी काढावी. खालचे सहा स्क्रू सैल केले की झाकण कडेकडेने सुटते. धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की जुनी पट्टी तिरकी उचलली जाते. नवी त्याच तिरक्या कोनात, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सरकवावी आणि ‘टक्’ आवाज येईस्तोवर खाली दाबावी. स्क्रीन काळीच राहिली तर पट्टी काढून पुन्हा बसवावी, मग एकेक पट्टी लावून पाहावी. डीडीआर५ च्या मशीनला पहिल्या वेळी सुरू व्हायला काही मिनिटे लागू शकतात. घाबरून पॉवर बटण दाबू नये.

डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक संस्थेने कॅम२ हे रॅमपट्टीचे नवे मानक जाहीर केले. त्यातील एलपीकॅम२ पट्टीमुळे, एरवी सोल्डरच करावी लागणारी कमी विजेची रॅमही स्क्रूने बसवता-काढता येते.