गाज आणि गाजणे

सभा गाजते, व्याख्यान गाजते. पण मालवणच्या किनाऱ्यावर आधी दर्या गाजतो. या क्रियापदाचे मूळ संस्कृत ‘गर्ज्’ धातूत आहे, आणि त्या धातूत ढगांच्या आवाजाचीच नक्कल ऐकू येते. प्राकृतात त्याचे ‘गज्ज’ झाले, मराठीत ‘गाज’. खरखर गेली, लांबलेला घुमारा उरला. आमच्या लेखकांनी मात्र नाद सोडून कीर्ती उचलली. पराक्रम गाजवला, हुकमतही गाजवली! १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्या दुर्गाची कीर्ती गाजली, असे आपण सहज लिहितो; तटाखालची गाज लिहायची राहून जाते. गाबीत तांडेलाला मात्र हा शब्द मूळ अर्थानेच लागतो. तो ‘दर्या गाजता’ म्हणाला, की होडी पाण्यात लोटायची नाही.