घर न देणारं शहर आणि घरून काम

घरून काम करणाऱ्यांना कोणतं शहर चांगलं, याच्या याद्या हल्ली फिरत असतात. इंटरनेट, भाडं, हवा, कॅफे, सगळ्याला गुण. घर मिळेल का, हा रकाना मात्र नसतो. याद्या करणाऱ्यांना तो प्रश्न कधी पडलाच नसावा.

१९१७ चं बडोदं अशा यादीत वरच आलं असतं. सयाजीरावांचं राज्य, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, गावोगाव ग्रंथालयं. बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार तिथे नोकरीला गेले. कचेरी होती, छप्पर नव्हतं. रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा. मग एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे विचारलं, दोघांनीही टाळलं. म्हणजे दोष एकट्या पारशांचा नव्हे. गाडीला पाच तास होते, ते कामाठी बागेत काढून बाबासाहेब मुंबईला परतले. करार राजाशी होता, पण नोकरी संपवली ती घर न देणाऱ्यांनी.

आता तर घर हीच कचेरी. आडनाव विचारून दार लावणारा घरमालक आपली नोकरीच अडवतो. कायदा? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका गृहनिर्माण संस्थेचा ‘सभासद फक्त पारशी’ हा नियम वैध ठरवला. तेव्हा ‘कुठूनही काम करा’ म्हणणाऱ्या कंपनीने भाडेकरारही स्वतःच्या नावावर करावा, ही मागणी आम्ही मांडतो आहोत.